मामाकच्या प्लॅस्टिक खुर्चीवरून : मलेशियातलं रोजचं खाणं

अर्धाचहा

पेटालिंग जयामध्ये कंपनीने दिलेल्या फ्लॅटच्या खाली एक मामाक होतं. प्रोजेक्ट आठ महिन्यांचं. त्यातले पहिले तीन दिवस मी तिथे पाऊल टाकलं नाही आणि नंतर एकही दिवस चुकवला नाही. परवा कपाट आवरताना एका शर्टाच्या खिशात तिथली चिठ्ठी सापडली. पेनाने नुसतं ४.२० खरडलेलं, दुसरं काही नाही. म्हणून हा धागा.

मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांचं हॉटेल. शब्द तमिळ 'मामा'वरून आला, म्हणजे आपलाच मामा, आईचा भाऊ. बरीचशी चोवीस तास उघडी. अर्धी टेबलं आत, अर्धी फुटपाथवर, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर फुटबॉल. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, टेबलं स्टीलची किंवा फोल्डिंगची. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, कारण निम्मं गिऱ्हाईक हाताने जेवतं.

चौथ्या दिवशी रात्री अकराला पाऊस कोसळत होता, वर फ्लॅटमध्ये फक्त बिस्किटं होती, म्हणून खाली उतरलो. पोऱ्या आला आणि म्हणाला, "बॉस, मकान?" मी बोट वर करून सांगितलं, "सातवा मजला." तो बघतच राहिला. मग हाताने घास घेतल्याची खूण करून पुन्हा विचारलं, "मकान? मिनुम?" मकान म्हणजे खाणं, मिनुम म्हणजे पिणं. आठ महिने तो मला सातवा मजला म्हणूनच ओळखायचा.

त्या रात्री खाल्ली ती रोटी चानाय. मैद्याचा लोण्यासारखा मऊ गोळा तेलकट ओट्यावर थापायचा, दोन्ही हातांनी उचलून हवेत फिरवायचा, तो पातळ होत होत कापडासारखा पसरला की चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर टाकायचा. भाजून झाली की दोन तळहातांत धरून टाळी वाजवल्यासारखी चुरगळायची, म्हणजे पापुद्रे सुटतात. सोबत वाटीभर दाल, एखादी माशाची किंवा कोंबडीची आमटी, वर थोडा सांबाल, म्हणजे मिरचीची तिखट चटणी. दीड-दोन रिंगिटला एक, म्हणजे आपले तीस-चाळीस रुपये. साधी हवी तर 'रोटी कोसोंग', कोसोंग म्हणजे रिकामी. अंडं घातलेली 'तलुर', कांदा घातलेली 'बावांग'. 'रोटी तिसू' म्हणून एक प्रकार आहे, कागदासारखा पातळ, विदूषकाच्या टोपीसारखा उभा, वर साखर आणि कंडेन्स्ड मिल्क. तो लहान मुलांसाठी असावा असं मला वाटायचं. एकदा मागवला आणि एकट्याने संपवला.

चहाचं प्रकरण जरा निगुतीने सांगतो, कारण तिथे सगळे नवखे घसरतात. नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. 'तेह तारिक' म्हणजे तोच, पण दोन मगांमधून हातभर उंचीवरून ओढून फेस आणलेला (तारिक म्हणजे ओढणे). 'तेह ओ' म्हणजे बिनदुधाचा पण साखरेचा. 'तेह ओ कोसोंग' म्हणजे दूधही नाही, साखरही नाही. 'तेह सी'मध्ये बिनसाखरेचं आटीव दूध. पुढे 'आइस' लावलं की बर्फ, 'हालिया' लावलं की आलं. आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द: 'कुरांग मानिस', गोड कमी. तरी गोडच येतो, पण दात शाबूत राहतात. मी शेवटी 'तेह हालिया कुरांग मानिस'वर स्थिरावलो. आपल्या आल्याच्या चहाच्या जवळात जवळ जाणारी तीच गोष्ट.

आता ती ४.२० ची चिठ्ठी. मामाकमध्ये काचेमागे पंधरा-वीस पातेली मांडलेली असतात: मासे, कोंबडी, भेंडी, कोबी, वांगं, अंडी, तळलेली कारली. भाताची ताटली घ्यायची आणि पुढे सरकायचं. काही ठिकाणी आपणच वाढून घ्यायचं. कुठल्याही पातेल्यावर किंमत नाही, काटा नाही, मेनूकार्ड नाही. बसलात की एक माणूस येतो, ताटलीकडे दोन सेकंद बघतो, आकडा लिहितो आणि चिठ्ठी पेल्याखाली सरकवून निघून जातो. पहिले काही दिवस मला पक्कं वाटायचं की मला परका बघून जास्त लावतात. आपण पुण्या-मुंबईचे, हिशोब मागितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी वहीत लिहायला लागलो: अमुक भाजी, एवढा भात, इतके पैसे. महिनाभर. आणि खरं सांगतो, त्या माणसाचा आकडा वीस-तीस सेनच्या (शंभर सेन म्हणजे एक रिंगिट) वर कधी हलला नाही. कोबी जास्त घेतला तर तेवढेच, मासा मोठा उचलला की बरोब्बर चढे. शेवटी वही बंद केली. उठताना "बॉस, किरा!" म्हणायचं, किरा म्हणजे मोजणं, आणि गल्ल्यावर चिठ्ठी ठेवायची.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे: तिथे कुणी उठवत नाही. एका तेह तारिकवर दोन तास बसा. कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले, रात्रपाळीच्या नर्सेस, कुणाचं तरी अख्खं कुटुंब, लहान मूल खुर्चीवर झोपलेलं. अशा रिकामटेकड्या बसण्याला त्यांच्याकडे 'लेपाक' असा शब्दच आहे. आपल्याकडे आता 'टेबल रिकामं करा'ची पाटी नसलेलं हॉटेल दाखवा.

जाणकारांनी भर घाला. मी पेनांगला जेमतेम दोन दिवस गेलो होतो, तिथलं फार माहीत नाही.

सांजवात

तोंडाला पाणी सुटलं! वाचतानाच रोटी तव्यावर पडल्याचा आवाज आला. पण आता कामाचा प्रश्न. आम्ही पुढच्या महिन्यात सात दिवस क्वालालंपूर आणि पेनांगला जातोय. सोबत सासू-सासरे. सासूबाई कट्टर शाकाहारी, अंडंही नाही, आणि त्यांना जेवताना कोमट पाणीच लागतं. ट्रॅव्हलवाले म्हणतात मेथीचे ठेपले न्या. सात दिवस ठेपले??

खवट

धागा छान, पण जरा गुलाबी चष्मा लागलाय. त्या 'दाल'मध्ये कोंबडीच्या रश्शाचा डाव बुडवताना मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तेलकटपणा? रोटी उचलली की कागदावर नकाशा उमटतो. प्यायला साधं पाणीसुद्धा फुकट नाही.

अर्धाचहा

खवट, तेलाचं मान्य. डावाचंही मान्य, आमच्याकडेही एकच डाव सगळीकडे फिरायचा. पाणी फुकट ठेवत नाहीत हेही खरं, पण 'आयर सुआम' म्हणा, कोमट पाण्याचा पेला येतो, काही सेन घेतात. सांजवात, हे तुमच्या सासूबाईंसाठी लिहून ठेवा. आयर म्हणजे पाणी, सुआम म्हणजे कोमट.

पत्र्याचीपेटी

अकरा वर्षं पेनांगमध्ये आहे, म्हणून थोडं.

सांजवात, ठेपल्यांची एक चळत न्या, पण सात दिवसांची नको. 'व्हेजिटेरियन' ह्या शब्दावर विसंबू नका. इथे त्याचा अर्थ पुष्कळदा 'मांसाचे तुकडे नाहीत' एवढाच होतो. खरा शत्रू दिसत नाही, त्याचं नाव बलाचान. कोळंबीच्या जातीचा बारीक जवळा आंबवून, वाटून, वाळवून केलेली वडी. सांबालमध्ये ती बहुतेक असतेच, आणि परतलेल्या साध्या पालेभाजीतही पुष्कळदा असते. दुसरा इकान बिलिस, म्हणजे सुकवलेले बारीक मासे, आपल्या मांदेलीचे चुलतभाऊ. नासी लमाकवर (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) ते दिसतात तरी, बलाचान दिसतही नाही.

मग खायचं कुठे? क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स आणि पेनांगला जॉर्जटाउनचं लिटल इंडिया. दोन्हीकडे निव्वळ शाकाहारी दक्षिण भारतीय खानावळी आहेत, केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, सांबार, रसम, पापड. तिथले लोक सांगतात की जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे जेवण आवडलं. दुसरा पर्याय चिनी बौद्ध शाकाहारी दुकानं. पाटीवर 素 हे अक्षर शोधा, काही ठिकाणी स्वस्तिकही असतं. तिथे सोयाचं 'मटण' बघून सासूबाई दचकतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. अंड्याचं मात्र तिथेही विचारून घ्या.

मामाकमध्ये रोटी कोसोंग आणि साखर मागा. दालच्या भानगडीत पडूच नका. रोटीच्या पिठात काही ठिकाणी अंडं घालतात, तेव्हा "तलुर आदा?" (अंडं आहे का?) असं विचारा. तोसाय बहुतेक मामाकमध्ये मिळतो, म्हणजे आपला डोसा.

आणि अर्धाचहा, एक दुरुस्ती. जागेला मामाक म्हणा, माणसाला तोंडावर मामाक म्हणू नका, ते काहींना लागतं. 'बॉस' चालतं. तमिळ असेल तर 'अण्णे', म्हणजे अण्णा.

शब्दवेडा

'मकान'वर हसून घेतलं. माझ्या आवडीचा विषय निघालाय, तेव्हा अवांतर झालं तर माफ करा.

मलय भाषेच्या स्वयंपाकघरात आपले शब्द कोपऱ्याकोपऱ्यात बसलेत. साखरेला 'गुला', तो संस्कृतातला गुड, म्हणजे आपला गूळ. धण्यांना 'कतुंबार', तो आणि आपली कोथिंबीर एकाच कुस्तुंबरीची लेकरं. व्हिनेगरला 'चुका', संस्कृत चुक्र. आपल्याकडे तोच चुका आंबटचुक्याच्या भाजीत शिल्लक आहे. चवीला 'रासा'. लोणच्याला 'आचार'. माशाच्या डोक्याची आमटी प्रसिद्ध आहे, 'कारी कपाला इकान', त्यातलं डोकं म्हणजे कपाल. रोज्याला, कुठल्याही उपासाला 'पुआसा', म्हणजे उपवास. घरात आलं की बायको 'इस्तरी' (स्त्री) आणि नवरा 'सुआमी' (स्वामी).

आणि सर्वांत गमतीचं: मलयमध्ये 'दोसा' म्हणजे पाप. आपला 'दोष'. खायचा असेल तर तोसाय मागायचा, डोसा आधीच पदरात असतो.

'चानाय'चं मूळ काही जण चेन्नईत शोधतात. मलयमध्ये मात्र 'चानाय' असं कणीक मळून पातळ करण्याचं क्रियापदच आहे, म्हणून मला ते जवळचं वाटतं. सिंगापुरात ह्याच रोटीला 'प्राटा' म्हणतात, तिथे पराठा उघड दिसतो.

तव्यावरचा

रोटी घरी करून बघणाऱ्यांसाठी. मी मूळचा जळगावचा, हे मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्यांदा व्हिडिओत ती रोटी फिरताना पाहिली तेव्हा आजी आठवली. आमच्याकडे मांडे असेच हातावर होतात. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झेलत झेलत मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. आजीला रोटी चानाय दाखवली तेव्हा ती म्हणाली, "पुरण कुठंय?" आणि पुढे बघितलंच नाही.

कृती म्हणाल तर अर्धा किलो मैदा, चमचाभर मीठ, दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, थोडं वितळलेलं तूप आणि पाऊण पेल्याने सुरू करून लागेल तसं पाणी. पीठ सैल हवं, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल. चांगलं तिंबायचं, तार सुटेपर्यंत. तेलपोळीची कणीक तिंबता तशी. मग लिंबाएवढ्याहून थोडे मोठे गोळे करून, प्रत्येकाला सढळ हाताने तूप चोपडून, एकमेकांना चिकटणार नाहीत असे डब्यात ठेवायचे. रात्रभर. इथेच सगळे चुकतात, दोन तासांत लाटायला घेतात आणि मग भोकं पडतात म्हणून रडतात. मुरलेला गोळा स्वतःच पसरतो. हवेत फिरवायची हौस पहिल्या दिवशी करू नका. ओट्याला तेल लावून कडा ओढत ओढत पातळ केलं तरी चालतं. मी फिरवायला गेलो तेव्हा एक रोटी एक्झॉस्ट फॅनने घेतली.

तिकडे बरेच लोक तुपाऐवजी मार्गारिन वापरतात. प्लांटा नावाचं इतकं रुळलंय की 'रोटी प्लांटा' असा प्रकारच आहे. तूप घातलं तर वास वेगळा येतो. मला तूप आवडतं, शुद्धतावाद्यांनी हलकेच घ्यावं.

खवट

एक्झॉस्ट फॅनचा फोटो टाका, नाहीतर झालंच नाही.

तव्यावरचा

बायकोने काढलाय. ती देत नाहीये.

कोकमसार

मामाकवर इतकं लिहिलंत, कोपितियामला कुणी विचारतच नाही! माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

कोपि म्हणजे कॉफी, तियाम म्हणजे होक्कियन बोलीत दुकान. हैनान बेटावरून आलेले चिनी लोक उशिरा पोचले, तोवर बाकीचे धंदे आधी आलेल्यांनी धरले होते. मग ते इंग्रजांच्या घरी खानसामे झाले आणि पुढे त्यांनीच कॉफीची दुकानं टाकली. पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मी दारातच थांबले. संगमरवरी पृष्ठभागाची गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, चेकर्ड फरशी, वर गरगरणारे पंखे, गल्ल्यावर बनियनमधला म्हातारा. मुंबईचा इराणी! फक्त म्हातारा चिनी. बनमस्क्याच्या जागी काया टोस्ट: कोळशावर भाजलेला पाव, आत लोण्याची जाड चकती आणि काया, म्हणजे नारळाचं दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला मुरंबा, पांदानच्या वासाचा. (पांदान हे केवड्याच्या कुळातलं पान, आपल्याकडेही काही जण भातात टाकायला कुंडीत लावतात.) बाजूला दोन अर्धकच्ची अंडी, वर सोयासॉस आणि पांढरी मिरपूड. अंडी बघून नाक मुरडू नका, पाव त्यात बुडवा.

कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारिन घालून भाजतात, म्हणून ती काळीकुट्ट आणि करपट-गोड. कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात. इपोहची 'व्हाइट कॉफी' म्हणतात ती साखर न घालता भाजलेली, त्यामुळे रंग फिका.

आणि व्यवहार कसा चालतो बघा. दुकानमालक विकतो फक्त पेयं. खाणं विकणारे वेगळे, एकेक गाडी भाड्याने घेतलेले. कोपऱ्यात नूडल्सवाला, पलीकडे भात-कोंबडीवाली, दारात गोड पदार्थांचा काका. टेबल एकच, पण तुम्ही तिघांकडे जाऊन सांगायचं, टेबलाचा नंबर द्यायचा आणि प्रत्येक जण आणून देताना आपापले पैसे घेऊन जातो. पेय नाही मागवलं तर मालक नाराज होतो, काही ठिकाणी जागेचे पैसे लावतो. रास्त आहे, त्याची कमाई तेवढीच.

एक सूचना. मामाकमध्ये डुकराचं मांस नसतं, गायीचं असू शकतं. चिनी कोपितियाममध्ये नेमकं उलटं होऊ शकतं, आणि चार क्वे तियावसारख्या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबीही घालतात. ज्यांना जे चालत नसेल त्यांनी आधी विचारावं.

अवांतर: आम्ही गोव्याचे. मलाक्क्याला चेंडोल खाल्लं, बर्फाच्या चुऱ्यावर हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि वर काळसर पाक. पहिल्या चमच्याला मी आईला फोन लावला. तो 'गुला मलाका' म्हणजे माडाच्या रसाचा गूळ, आमच्या माडाच्या गोडाचा सख्खा भाऊ. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. तिथल्या पोर्तुगीज वस्तीतली 'देबाल' आमटी खाल्ली तर व्हिनेगर आणि मिरचीचा तोच झटका, विंदालूच्या घरातला. त्यांचा सुजी केकही, म्हणजे रव्याचा केक, आमच्या बाथच्या नात्यातला, फक्त ते बदाम घालतात, आम्ही खोबरं.

शब्दवेडा

कोकमसार, सुंदर! जाता जाता, 'सुजी' शब्दही आपल्याकडूनच गेलेला. आणि त्या इराणी-कोपितियाम साम्यात आणखी एक: जुनी चिनी माणसं कॉफी बशीत ओतून पितात.

पत्र्याचीपेटी

पेनांगचं राहिलं होतं. इथलं खास ते नासी कांदार. कांदार म्हणजे कावड. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावर कावड घेऊन, एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला आमट्या, बंदरावरच्या हमालांना जेवण विकायचे. कावड गेली, नाव राहिलं. रांगेत उभं राहून भात घ्यायचा, मासा किंवा कोंबडी निवडायची आणि मग म्हणायचं "कुआह चांपुर", म्हणजे सगळे रस्से मिसळून. वाढणारा चार-पाच पातेल्यांतून एकेक डाव ओततो. धीर असेल तर "बांजिर" म्हणा. बांजिर म्हणजे पूर. भात बुडतो.

मिसळीची तर्री कळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक रस्सा वेगळा चाखून काही हाती लागत नाही. मिसळला की त्यातून सहावीच चव निघते. सहकारी मलय, चिनी, तमिळ, पण कुठला नासी कांदार चांगला ह्यावर त्यांची भांडणं ऐकली की मला कोल्हापूर विरुद्ध पुणे आठवतं. खाण्यावरून इथले लोक लगेच चिडतात. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका टीव्ही-स्पर्धेत परीक्षकांनी कोंबडीच्या रेंडांगची कातडी कुरकुरीत नाही म्हणून तक्रार केली. रेंडांग तासन्‌तास नारळाच्या दुधात शिजवतात, कातडी कुरकुरीत कुठून होणार? मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधानसुद्धा त्यावर बोलले.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाची न्याहारी अमूर्त वारशाच्या यादीत घेतली: नासी लमाक, रोटी चानाय आणि तेह तारिक, एकाच टेबलावर वेगवेगळ्या जमातींनी खाण्याची रीत म्हणून. आमच्या खालच्या मामाकवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता रोटी दहा सेनने वाढवू का?"

खवट

ह्या माणसाशी माझं जमेल.

पण एक विचारतो, टोमणा नाही. परवा इथे मुंबईत एका मॉलमध्ये 'ऑथेंटिक मलेशियन' जेवायला गेलो होतो. रोटी आली त्रिकोणी तुकडे करून, लाकडी पाटीवर, सोबत काटा-सुरी. नासी लमाकमध्ये काकडी नाही, शेंगदाणे नाहीत, सांबाल टोमॅटो सॉससारखा. बिल वाचून चक्कर. हे असंच असतं का?

अर्धाचहा

नाही हो. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात पांदान घालून शिजवलेला भात, आपला नारळीभात समजा पण बिनगुळाचा. सोबत तिखट सांबाल, तळलेले इकान बिलिस, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग. सकाळी रस्त्याच्या कडेला केळीच्या पानात आणि कागदात त्रिकोणी पुडी बांधून मिळतो. पुडी उघडली की आधी पानाचा वास येतो, मग सांबालचा. काकडी काढून टाकली तर त्या तिखटाला तोलणार कोण? क्वालालंपूरच्या मॉलमध्येही मी एकदा असाच फसलो. तिथे तेह तारिक स्ट्रॉ घालून दिला होता. त्या दिवशी रात्री खाली जाऊन पुन्हा जेवलो.

तव्यावरचा

काटा-सुरीने रोटी चानाय म्हणजे चमच्याने पाणीपुरी.

सांजवात

परतलो मंडळी! धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायलाच हवा.

ठेपले दोन दिवसांत संपले, तेही सासऱ्यांनी मध्यरात्री संपवले. ब्रिकफील्ड्सचं पानावरचं जेवण सासूबाईंना इतकं आवडलं की तीनदा गेलो. रसमचा त्यांनी दुसरा पेला मागितला, आमच्या घरात ही ऐतिहासिक घटना आहे. पान आपल्याकडे दुमडायचं सांगितलं, तर म्हणाल्या, "उष्टं पान मी कशाला दुमडू? बघणारा बघेल की पान साफ आहे." चिनी शाकाहारी दुकानात मात्र सोयाचा मासा आला, खवल्यांसकट. तो त्यांनी पदर लावून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

पत्र्याचीपेटी, तुमचं "तलुर आदा?" फार कामी आलं. दोन ठिकाणी पिठात अंडं निघालं, तिसऱ्या ठिकाणी नव्हतं. तिथे रोटी कोसोंग आणि साखर, चार दिवस तीच न्याहारी. तो अण्णा तिसऱ्या दिवसापासून आम्ही बसायच्या आधीच गोळा थापायला घ्यायचा. सासरे रोज तव्याजवळ उभे राहून बघायचे. घरी येऊन त्यांनी पोळीचा गोळा हवेत फिरवला. एक्झॉस्ट फॅन वाचला, ट्यूबलाइट नाही वाचली.

अर्धाचहा, डोळ्यांनी किंमत लावणारा माणूस आम्हालाही भेटला. सासूबाईंनी त्याला चिठ्ठी बदलायला लावली. आकडा खाली आला नाही, त्यांनीच दहा सेन वाढवले, म्हणाल्या, "मी भेंडी दोनदा घेतली, ह्याने एकदाच धरली."

फक्त कोमट पाण्याचा घोटाळा झाला. मी 'आयर सुआम' पाठ करून घेतलं होतं. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, आज मीच मागते. भरल्या मामाकमध्ये हात वर करून ठणठणीत आवाजात: "अण्णा! सुआमी! गरम!"

सगळं दुकान थांबलं. रोटीवाल्याच्या हातातली रोटी ओट्यावर पडली.

शब्दवेडा

अरे देवा. 😂 म्हणजे त्यांनी नवरा मागवला.

खवट

मग दिला का आणून?

सांजवात

शेजारीच बसले होते की. पण कोमटच.